भाचीला एक्सरे-सीटी-एमआरआयच्या लाइनला घालावं का? इंदूरकरांनो सांगा

सुदामानगरची_मावशी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी भाची यंदा बारावी झाली. बहीण-मेहुणे देवासला असतात, पोरगी शिकायला माझ्याकडे आहे. पीसीबी, ७८ टक्के. नीट दिली पण मार्क असे आले की एमबीबीएसचं नाव काढायला नको, आणि खासगीत सीट घ्यायची आमच्यात कोणाची ऐपत नाही. आता ती म्हणते मावशी मला एमआरआय-सीटीचं शिकायचंय. मागच्या वर्षी माझ्या आईचं डोक्याचं एमआरआय झालं तेव्हा ही सोबत होती, आई आत जायला तयारच नव्हती, तिथल्या ताईने जे काही सांभाळून घेतलं ते हिच्या डोक्यात बसलंय.

घरात तीन तट. मेहुणे म्हणतात बटण दाबायचं काम, त्याला तीन-चार वर्षं कशाला घालवायची. सासूबाई म्हणतात किरणं लागतात, उद्या लग्न, मुलंबाळं, नको ते. तिसरी मी, मला काहीच कळत नाही. त्यात एका कॉलेजवाल्याचे रोज दोन फोन, "मॅडम सीटें भर रही हैं, आज ही टोकन जमा कर दो". कोर्स कुठला करावा, नोकरी मिळते का, किरणांचं खरं काय, कोणी या लाइनीतलं असेल तर सांगा प्लीज.

पोहे_जीरावन

पहिला! धागा चांगला आहे, जिलबी (म्हणजे उगाच पाडलेला धागा) नाहीये. आणि जिलबी असती तरी आम्हा इंदूरवाल्यांना पोह्यांसोबत चालली असती.

डार्करूमवाले_काका

मावशी, मी सरकारी दवाखान्यात ३४ वर्षं एक्सरे काढले, आता रिटायर होऊन लोकमान्य नगरात नातू सांभाळतो. बटणवाल्या मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा आणि एवढं वाचून दाखवा.

छातीचा साधा एक्सरे घ्या. पेशंटचं तोंड भिंतीकडे, छाती कॅसेटला (आत फिल्म असते ती चपटी पेटी) टेकलेली, किरणं सोडणारी ट्यूब पाठीमागे सहा फुटांवर. मागून का? हृदय छातीत पुढच्या अंगाला असतं, ते फिल्मच्या जवळ आलं की सावली फुगत नाही. झोपवून समोरून काढला तर धडधाकट माणसाचं हृदय मोठं दिसतं आणि नवशिका डॉक्टर घाबरतो. मग हात कमरेवर ठेवून कोपरं पुढे ढकलायची, म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसावरून बाजूला सरकतात. मग "सांस लो, रोको". आता गंमत अशी की सांस लो म्हटलं की खेड्यातला म्हातारा खांदे वर उचलतो, छाती फुगवतो, आत हवा काही घेत नाही. म्हणून मी दोनदा घ्यायला लावायचो आणि दुसऱ्यावर रोखायचो. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, माझ्या उस्तादाने शिकवलं, आणि त्याने शिकवायच्या आधी सहा महिने मला फक्त फिल्म धुवायला ठेवलं होतं. लाल दिवा, डेव्हलपर, पाणी, फिक्सर, पुन्हा पाणी, मग हँगरला लटकवून वाळवायची. फिक्सरचा आंबूस वास अंगाला असा लागायचा की सायकलवरून उतरायच्या आधी बायकोला कळायचं आज डार्करूमची ड्युटी होती.

आता सगळं डिजिटल, फिल्म धुणं गेलं. पण तो म्हातारा अजून खांदेच वर करतो.

टेस्ला_दीड

काका, दंडवत.

मावशी मी एमआरआयवर आहे, आठ वर्षं झाली. तुमच्या आईंची गोष्ट वाचून हसू आलं कारण आमचा निम्मा दिवस त्यातच जातो. एमआरआयमध्ये किरणं नसतात हे आधी सासूबाईंना सांगा. लोहचुंबक असतं, आमचं दीड टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट, आणि ते चोवीस तास चालू असतं, दिवाळीला पण. लोकांना वाटतं स्कॅन संपला की बंद. २०१८ साली मुंबईत नातेवाईक माणूस ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला आणि सिलिंडरसकट ओढला गेला, जीव गेला बिचाऱ्याचा. त्यामुळे दारातली तपासणी ही आमची खरी परीक्षा. पेसमेकर आहे का, डोक्यात क्लिप आहे का, कधी वेल्डिंगचं काम केलंय का कारण डोळ्यात लोखंडाचा कण राहिलेला असू शकतो. लोक म्हणतात ताई पाय दुखतोय तुम्ही डोळ्याचं काय विचारता.

आणि मंगळसूत्र! मागच्या पौषात एक आजी आल्या रामबागेतल्याच, सत्तरीच्या, कमरेचं एमआरआय. सगळं काढून दिलं, मंगळसूत्र म्हटल्यावर मुठीत धरून बसल्या. "लग्नापासून उतरवलं नाही, आणि हे बाहेर बसलेत, त्यांच्या देखत उतरवू?" सोनं चुंबकाला चिकटत नाही हो, पण फासा कशाचा, मध्ये तार कसली, आणि कॉइलखाली (अंगावर ठेवतो ते स्कॅनचं कवच) तापलं तर भाजतं, त्यामुळे काढावंच लागतं. बाहेर पाच पेशंट खोळंबलेले. शेवटी मी आमच्या स्टाफच्या टिफिनमधली हळद मागवली, जखम बांधायच्या पट्टीचा दोरा काढून त्यात पिवळा केला आणि म्हटलं आजी आधी हा बांधते, मग ते काढू. लगेच तयार झाल्या. आजोबांनी मंगळसूत्र रुमालात बांधून वीस मिनिटं छातीशी धरून ठेवलं होतं. आता आमच्या कपाटात हळदीचा दोरा कायम असतो.

रामबागची_पमा

@टेस्ला_दीड, वाचून डोळ्यात पाणी आलं ग. ती आजी बहुतेक आमच्या ओळखीची असणार, रामबागेत सगळे ओळखीचेच.

सीसा_ॲप्रन

किरणांचं मी सांगतो, कॅथलॅब (जिथे अँजिओग्राफी करतात) आणि सीटी दोन्हीकडे काम केलंय.

किरणं घातक आहेत यात खोटं काही नाही. पण काम करणाऱ्याला किती लागतात याचा हिशेब ठेवला जातो. भारतात नियम एईआरबीचे, म्हणजे मुंबईच्या परमाणु ऊर्जा नियामक परिषदेचे. आमच्यासारख्यांना पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांचा मारा मोजायचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. अंदाज यावा म्हणून सांगतो, माणसाला नुसतं पृथ्वीवर राहून जमिनीतून आणि आकाशातून जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ च्या आसपास लागतातच. छातीच्या एका एक्सरेत पेशंटला ०.१ किंवा त्याहून कमी. आणि आपण तर काचेच्या पलीकडे असतो. अंतर दुप्पट केलं की मारा चौथाईवर येतो, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात घोकून घेतलं होतं.

छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे किती किरणं लागली ते मोजणारा बिल्ला, लावायचा, शिशाच्या ॲप्रनच्या आतून. तीन महिन्यांनी तो तपासायला जातो, रीडिंग येतं. बाई गरोदर राहिली तर लगेच सांगायचं, त्यानंतर पोटातल्या बाळाला बाळंतपणापर्यंत १ मिलिसिव्हर्टच्या वर लागू द्यायचं नाही असा नियम आहे, ड्युटी बदलून देतात. माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघीजणी, दोघींची मुलं शाळेत जातात, धडधाकट आणि व्रात्य.

आता दुसरी बाजू. मी आधी जिथे होतो, नाव घेत नाही, तिथे सगळ्यांचे बॅज ड्रॉवरमध्ये एका रबरबँडने बांधून ठेवलेले असायचे. रीडिंग मस्त यायचं, शून्य. ड्रॉवरला कुठे किरणं लागतात! तर नोकरी धरताना हे बघा.

दोन_शिफ्टवाला

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून मी कडू लिहितो. माझा पहिला पगार हातात साडेआठ हजार होता, बारा तासांची रात्रपाळी, तीन मजले, एकच माणूस. पोर्टेबल मशीन ढकलत आयसीयूत जायचं, नर्स म्हणते आत्ता नको, डॉक्टर म्हणतो आत्ताच पाहिजे. रिपोर्टवर सही रेडिओलॉजिस्टची, म्हणजे फिल्म वाचणाऱ्या डॉक्टरची, पेशंटच्या शिव्या मात्र आपल्याला. पोरीला नर्सिंगला घाला, जगात कुठेही काम मिळेल.

टेस्ला_दीड

@दोन_शिफ्टवाला भाऊ, सुरुवातीचा पगार कमी हे शंभर टक्के खरं. पण नुसत्या एक्सरेवर राहिलं की पगार तिथेच राहतो. सीटी, मग एमआरआय, मग हृदयाचे वगैरे स्कॅन, जसं शिकाल तसं वाढतं. मशीन विकणाऱ्या कंपन्या ॲप्लिकेशनसाठी, म्हणजे गिऱ्हाइकाला मशीन वापरायला शिकवण्यासाठी, आमच्यातल्याच लोकांना उचलतात. मी पण साडेसात हजारावर सुरू केलं होतं, तुम्ही श्रीमंत होतात.

वडोदऱ्याचा_बाळू

केम छो मावशी, म्हणजे कशा आहात. एवढं कशाला, सोनोग्राफीचा कोर्स करायला सांगा, माझ्या मावसभावाची मुलगी करतेय, सहा महिन्यांचा, मग सोनोग्राफी सेंटरला लगेच नोकरी.

फिल्म_उलटी_धरलीये

बाळूभाई, थांबा. मी रेडिओलॉजिस्ट आहे. आपल्याकडे टेक्निशियनला सोनोग्राफी करता येत नाही. १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा, गर्भलिंग तपासणी रोखायला आणलेला. त्यात प्रत्येक मशीनची नोंदणी आणि प्रोब (पोटावर फिरवायचा दांडा) कोणी धरायचा हेही ठरलेलं, तो डॉक्टरच पाहिजे. सहा महिन्यांचं ट्रेनिंग आहे खरं, २०१४ च्या नियमांतलं, पण ते एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांसाठी. तुमच्या मावसभावाला कृपा करून आज फोन करा आणि विचारा की सर्टिफिकेट कशाचं मिळणार. पैसे गेले तर एक वेळ चालेल, मशीनला सील लागलं तर पोरीचं नाव त्यात येईल.

डॉक्टर व्हायचा रस्ता वेगळा आणि लांब, एमबीबीएस, मग नीट पीजी, मग तीन वर्षं एमडी किंवा डीएनबी. आणि रेडिओलॉजीच्या सीटा पहिल्या रँकवाले उचलतात. भाचीचा रस्ता तो नाही, तिने टेक्नॉलॉजीकडेच बघावं.

लीड्सवाली

मूळची ग्वाल्हेरची, आता इंग्लंडात. गंमत म्हणजे इथे उलट आहे, इथे रेडिओग्राफरच पुढे शिकून सोनोग्राफर होतात, स्कॅन स्वतः करतात, रिपोर्टही स्वतः लिहितात. मी तेच करते. त्यामुळे माझी आई ग्वाल्हेरात सांगते मुलगी डॉक्टर आहे, मी कितीदा सांगितलं आई नाहीये, ती म्हणते तू गप्प बस.

इथे यायचं तर एचसीपीसीची, म्हणजे इथल्या आरोग्य व्यावसायिकांच्या कौन्सिलची, नोंदणी लागते, डिग्रीचे विषय आणि प्रॅक्टिकलचे तास तपासतात, इंग्रजीची परीक्षा वेगळी. म्हणून डिप्लोमाऐवजी डिग्री करा असं मी सांगेन, दोन वर्षांच्या डिप्लोमावर भारतात नोकरी लागते पण बाहेर अडकतं. आणि कॉलेजात असल्यापासून कुठला स्कॅन किती केला याची वही ठेवायला सांगा, मी ठेवली नव्हती, नंतर फार रडले.

वडोदऱ्याचा_बाळू

@फिल्म_उलटी_धरलीये साहेब, फोन केला. मावसभाऊ गप्प झाला. थँक्यू.

न्यूक्लियर_नाना

एक घोळ आत्ताच मोडतो. डीएमआरआयटी नावाचे दोन कोर्स आहेत! एक बारावीनंतरचा, मेडिकल रेडिओग्राफी अँड इमेजिंग टेक्नॉलॉजी, जो गल्लोगल्ली दिसतो. दुसरा मेडिकल रेडिओआयसोटोप टेक्निक्स, तो भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरचा, एक वर्षाचा, बीएस्सीनंतर. मी दुसरा केलाय. आयुष्यभर लोकांना समजावतोय.

आमचं काम न्यूक्लियर मेडिसिन. पेशंटच्या नसेत किरणोत्सारी औषध द्यायचं आणि ते शरीरात कुठे जमतंय त्याचं चित्र काढायचं. पेट स्कॅनचं फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. म्हणजे औषधाची गाडी ट्राफिकमध्ये अडकली की औषध रस्त्यातच संपायला लागतं. पेशंटला सकाळी सहाला उपाशी बोलावलेलं असतं, गाडी आली नाही की मी गच्चीवर जाऊन रस्त्याकडे बघत बसतो, मुलीचा मामा वरातीची वाट बघतो तसा.

कॅट_रोडवाला

माझे काका आरआरकॅटला, म्हणजे इथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात होते, सगळे अजून कॅटच म्हणतात. तिथल्या इंडस-२ या एक्सरे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर इमेजिंगची वेगळी बीमलाइन (किरणांची वाट) आहे, विद्यार्थ्यांसाठी ओपन डे असतो तेव्हा भाचीला दाखवून आणा, आवड खरी की खोटी कळेल. आणि तिला फिजिक्स आवडत असेल तर मेडिकल फिजिसिस्ट हा पण रस्ता आहे, एमएस्सी फिजिक्स करून बीएआरसीचा (भाभा केंद्राचा) रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा. कॅन्सरच्या रेडिएशनमध्ये डॉक्टरांनी ठरवलेला डोस कुठून कसा द्यायचा, याचा हिशेब आणि आखणी तेच करतात.

कोडिंगवाला_भिया

हे सगळं ठीक आहे पण पाच वर्षांत एआय सगळं खाणार ना भिया? पोरगी शिकून बाहेर पडेस्तोवर मशीनच रिपोर्ट देईल.

फिल्म_उलटी_धरलीये

२०१६ साली एआयचे मोठे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी हेच म्हटलं होतं, रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवा, पाच वर्षांत, फार तर दहा, मशीन पुढे जाईल. त्यांना पुढे नोबेल मिळालं, मला अजून रविवारी पण सुट्टी मिळत नाही. एआय येतंय आणि कामाचं आहे, टीबीच्या तपासणीत छातीचे एक्सरे वाचायला डब्ल्यूएचओने २०२१ सालीच मान्यता दिलीय. पण तो एक्सरे आधी नीट निघायला लागतो.

डार्करूमवाले_काका

आणि म्हाताऱ्याला दोनदा श्वास कोण घ्यायला लावणार, एआय?

पोहे_जीरावन

अवांतर: काका, १९९५ च्या ग्रहणाला आमच्या वाड्यातली सगळी पोरं एक्सरेची फिल्म डोळ्याला लावून उभी होती, कोणाच्या तरी मोडलेल्या ढोपरातून सूर्य बघितला. ती फिल्म तुमच्याकडूनच आली असेल.

डार्करूमवाले_काका

माझ्याकडून पन्नास गेल्या असतील, आणि आज लाज वाटते कारण त्याने डोळ्याचं नुकसान होतं, आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. जुन्या फिल्म घ्यायला भंगारवाला पण यायचा, चांदी काढायला. फिक्सरचं उरलेलं पाणीसुद्धा विकलं जायचं. सराफ्यात कोणाच्या पैंजणात माझ्या पेशंटची फुप्फुसं असतील सांगता येत नाही.

रामबागची_पमा

काका ईईईई.

अनुभवी_गाढव

मूळ मुद्द्यावर या मंडळी. मावशींनी कॉलेजच्या फोनचं विचारलंय त्याचं कोणी उत्तरच दिलं नाही.

मी फसलेला माणूस आहे. टोकन भरलं, फी भरली, पहिल्या वर्षी मशीनचा फोटो दाखवून शिकवलं. फोटो! दुसऱ्या वर्षी कळलं कौन्सिलची मान्यता आलेलीच नाही, परीक्षा लांबली, दोन वर्षांचा कोर्स चार वर्षांनी संपला. इंटरव्ह्यूला गेलो तर समोर खरी मशीन, सर म्हणाले कोलिमेटर (किरणांचा झोत कमी-जास्त करायची झडप) उघड, मी इकडे-तिकडे बघतोय. घाम फुटला होता.

तर भोपाळच्या पॅरामेडिकल कौन्सिलमध्ये त्या कॉलेजचं आणि त्याच कोर्सचं नाव आहे का हे स्वतः बघा, कॉलेजने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. २०२१ साली अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा केंद्राचा कायदा झालाय, त्यात रेडिओलॉजी-इमेजिंगवाले येतात, तेव्हा नव्या व्यवस्थेत ती डिग्री धरली जाणार का तेही विचारा. डिग्रीत तीन वर्षं कॉलेज आणि एक वर्ष इंटर्नशिप असते, ती कुठल्या हॉस्पिटलात, ते लिहून मागा.

डार्करूमवाले_काका

गाढव नाव बदला, शहाणे आहात. मी एक जोडतो. कॉलेज बघायला जाल तेव्हा मॅडमच्या केबिनमध्ये बसून चहा पिऊ नका. एक्सरेच्या खोलीत जा आणि कॅसेट हातात घ्या. रोज वापरातल्या कॅसेटचे कोपरे घासलेले असतात, कुठेतरी चिकटपट्टी लावलेली असते. कोरी करकरीत असली तर समजा पाहुण्यांना दाखवायची आहे. जिथे पूर्ण डिजिटल आहे तिथे कॅसेटच्या जागी डिटेक्टर असतो, त्याचं हँडल बघा. आणि लीडचं ॲप्रन खुंटीवर टांगलंय की घडी घालून ठेवलंय. घडी घातली की आतलं शिसं तडकतं, ज्यांना हे माहीत नाही ते पोरांना काय शिकवणार.

सीसा_ॲप्रन

+१. आणि एईआरबीचं लायसन्स कुठलंय विचारा, प्रत्येक एक्सरे आणि सीटी मशीनला लागतं. चिडले तर उठून या.

दोन_शिफ्टवाला

माझा कडू प्रतिसाद तसाच धरा. पण जायचंच असेल तर मोठ्या हॉस्पिटलला जोडलेल्या कॉलेजात जा. जिथे रात्री अपघाताचे पेशंट येतात तिथे पोरगी शिकेल.

सुदामानगरची_मावशी

मंडळी, दोन आठवड्यांनी येतेय, माफ करा, मध्ये घरात लग्न होतं. सगळं सगळं वाचलं, सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्या किरणांवर फार बोलल्या नाहीत पण हळदीच्या दोऱ्यावर म्हणाल्या, "पोरगी हुशार दिसते ती."

आम्ही दोन ठिकाणी जाऊन आलो. मेहुणे पण आले, म्हटलं चला बटण बघायला. पहिलं ते फोनवालं कॉलेज. रिसेप्शनला कारंजं. एक्सरेची खोली उघडायला किल्लीच सापडेना, वीस मिनिटांनी उघडली, मशीनवर प्लास्टिकचं कव्हर. कॅसेट मागितली तर कपाटातून काढली, अजून स्टिकर निघालेलं नव्हतं काका! कोरी करकरीत. ॲप्रन घडी घालून खालच्या खणात. मेहुण्यांनीच विचारलं प्रॅक्टिकल कुठे, तर "बाहर भेजते हैं सर, सब अरेंज हो जाता है". कुठे बाहर ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसरं हॉस्पिटलला जोडलेलं, शहराच्या बाहेर, बसने पाऊण तास. तिथे कॉरिडॉरमध्ये इतकी गर्दी की उभं राहायला जागा नाही. एक शिकणारी मुलगी एका बाबांना कॅसेटला टेकवत होती आणि म्हणाली, "बाबा, एक बार और, अब रोको." भाचीने माझा हात दाबला. कॅसेटचे कोपरे काळे पडलेले आणि एकाला पांढरी मेडिकलची पट्टी. मुलींच्या छातीवर बॅज, मी मुद्दाम मोजले, पाचपैकी चौघींच्या. पाचवीला विचारलं तर तिने ॲप्रनच्या आत बोट दाखवलं. कौन्सिलचं पण तपासलं, नाव आहे. पुढच्या सोमवारी फी भरतोय, डिग्रीची.

अनुभवी_गाढव

वा. पाऊण तासाच्या बसची काळजी करू नका, मी घराच्या समोरच्या कॉलेजात गेलो होतो.

कोडिंगवाला_भिया

मेहुण्यांचं काय? अजून बटणच म्हणतायत का?

सुदामानगरची_मावशी

काल रात्री त्यांना खोकला झाला, तर पोरीने भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि कोपरं पुढे घ्यायला लावली. म्हणाली बाबा श्वास घ्या. मेहुण्यांनी खांदे वर केले.